एका अंशाचा खेळ

पुण्यातल्या बिबवेवाडीत गोल्फचं मैदान नाही; त्यासाठी शहर ओलांडून येरवड्याला जावं लागतं. पण पटिंगमधली, म्हणजे चेंडू हळूच होलकडे ढकलण्यातली, सर्वांत निर्णायक गोष्ट घरच्या फरशीवरही शिकता येते, आणि ती शिकायलाच हवी.

नवखा खेळाडू पटर, म्हणजे त्यासाठीची काठी, सरळ रेषेत मागेपुढे जातोय का, यावरच लक्ष ठेवतो. चेंडू मात्र पटरच्या फेसचं, म्हणजे चेंडूला लागणाऱ्या सपाट बाजूचं, ऐकतो. कॅरममध्ये स्ट्रायकर कुठूनही आला, तरी तो सोंगटीला कुठे लागतो त्यावर तिची दिशा ठरते, तसंच हे. फेसला काटकोन करणाऱ्या दिशेत चेंडूला थेट धक्का बसतो. फेसच्या कडेनं फक्त घर्षण काम करतं. भरीव चेंडूला त्यातून पटरच्या आडव्या वेगाचा फार तर दोन सप्तमांश भाग मिळतो. साधारण 350 ग्रॅमचा पटर आणि 46 ग्रॅमचा चेंडू धरून हिशोब केला, तर दिशेत फेसचा वाटा सुमारे 84 टक्के येतो, पटरच्या मार्गाचा उरलेला 16.

आता होल पाहा. व्यास 108 मिलिमीटर, म्हणजे मध्यापासून काठ 54. फेस एक अंश उघडा, म्हणजे लक्ष्यापासून बाहेर वळलेला, राहिला, तर तीन मीटरवर चेंडू सुमारे 44 मिलिमीटर सरकतो. हळू आला तर कसाबसा पडेल. चार मीटरवर तो 59 सरकतो आणि होल चुकतो. मार्ग एक अंश चुकला तर तीन मीटरवर फरक जेमतेम 8 मिलिमीटरचा! पुण्यात जन्मलेला अनिर्बन लाहिरी आणि पुण्याचा उदयन माने टोकियो ऑलिंपिकमध्ये भारताकडून खेळले. त्या पातळीवर असा एक अंशही परवडत नाही.

फेस फिरतो तो बहुधा मनगटानं, किंवा चेंडू मध्याबाहेर लागल्यानं. दुसऱ्या कारणावर अभियंता कार्स्टन सोल्हाइम यांनी 1959 मध्ये उपाय काढला: पटरचं वजन दोन्ही टोकांना वाटायचं. त्यामुळे जडत्व-आघूर्ण, म्हणजे फिरण्याला होणारा विरोध, वाढतं आणि पटर कमी पिळतो. मनगटावर उपाय सरावाचाच.

फरशीच्या सांध्यावर चेंडू ठेवा, फेस सांध्याशी काटकोनात आणा. पन्नास सेंटिमीटर पुढे, सांध्याच्या दोन बाजूंना दोन पेन्सिल सेल उभे करा, मधे 50 मिलिमीटर जागा सोडून. चेंडू जवळपास 43 मिलिमीटरचा आहे. सेलला न लागता तो पार झाला, की त्याची दिशा अर्ध्या अंशाच्या आत होती.