छोट्या मोटारीची चाके आणि कमानी

मोटार लहान असो वा मोठी, तिचा भूमीशी संबंध चारच ठिकाणी येतो, आणि त्या प्रत्येक ठिकाणी रबराचा केवळ तळहाताएवढा भाग रस्त्याला टेकलेला असतो. हे विधान प्रथमदर्शनी अतिशयोक्तीचे वाटेल. परंतु हिशेब अगदी सोपा आहे. ६०० किलो वजनाची गाडी चार चाकांवर उभी असता प्रत्येक चाकावर सरासरी १५० किलो भार पडतो. टायरमधील हवेचा दाब दर चौरस सेंटिमीटरला २ किलो असेल, तर तो भार पेलावयास सुमारे ७५ चौरस सेंटिमीटर जागा पुरते. गाडी धावते, वळते आणि थांबते ती या चार तळहातांच्या जोरावर. चाके, टायर, कमानी आणि शॉक अ‍ॅब्सॉर्बर या सर्वांचे कार्य अखेर एकच आहे: हे चार तळहात रस्त्यापासून सुटू न देणे. ज्यांस आपल्या छोट्या मोटारीच्या या भागांत सुधारणा करावयाची असते, त्यांच्या दृष्टीआड नेमकी हीच गोष्ट होते. मोठी व रुंद चाके आणि खाली बसविलेली गाडी दिसावयास ऐटदार असते. पण ती रस्ता अधिक घट्ट धरीलच असे नाही.

या प्रश्नाचा विचार करावयास इंग्लंडमधील ‘मिनी’ या गाडीइतके बोधप्रद उदाहरण क्वचितच सापडेल. ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनने ही गाडी २६ ऑगस्ट १९५९ रोजी लोकांपुढे आणली. तिचे रचनाकार अ‍ॅलेक इसिगोनिस यांच्यापुढे मुख्य अडचण होती ती जागेची. सुमारे दहा फूट लांबीच्या गाडीत चार माणसे व त्यांचे सामान बसले पाहिजे, अशी अट होती. त्यांनी इंजिन आडवे ठेविले, गिअरची पेटी त्याच्या खाली घातली, आणि चाके अवघ्या १० इंची रिमची घेतली. इतके लहान चाक त्या काळी मोटारीस सहसा लावीत नसत. डनलॉप कंपनीला त्यासाठी मुद्दाम टायर तयार करावे लागले. चाक लहान म्हणून त्यावरची कमान लहान, आणि त्यामुळे आत बसणाऱ्यांस जागा मोठी, असे हे गणित होते.

तथापि लहान चाकाचा एक दोष आहे. बैलगाडीचे मोठे चाक ज्या खड्ड्यावरून सहज निघून जाते, त्याच खड्ड्यात लहान चाक खोल उतरते. शिवाय हलक्या गाडीची आणखी एक अडचण असते. रिकामी मिनी सुमारे ६०० किलोची. तीत चार माणसे व सामान बसले की सुमारे ३०० किलोंची भर पडते. म्हणजे ओझे एकदम दीडपट होते. साधी पोलादी कमान रिकाम्या गाडीला सुखकर होईल अशी मऊ ठेवावी, तर भरल्या गाडीचे बूड खाली टेकते. भरल्या गाडीला पुरेल इतकी कठीण ठेवावी, तर एकट्या चालकाची हाडे खिळखिळी होतात. अ‍ॅलेक्स मोल्टन यांनी यावर रबरी शंकूचा उपाय काढला. रबराच्या या शंकूचा गुण असा की, तो जसजसा दबतो तसतसा अधिकाधिक कठीण होत जातो. थोड्या ओझ्याला तो नमतो व मोठ्या ओझ्याला ताठ उभा राहतो. शिवाय जागाही थोडी व्यापतो. १९६४ साली त्याच्या जागी पुढची व मागची चाके द्रवाच्या नळीने जोडणारी ‘हायड्रोलास्टिक’ नावाची रचना आली. पण १९७१ पर्यंत रबरी शंकू पुन्हा आपल्या स्थानी परतले, आणि ४ ऑक्टोबर २००० रोजी शेवटची मिनी कारखान्यातून बाहेर पडली तोपर्यंत तेथेच राहिले.

आता कमान आणि शॉक अ‍ॅब्सॉर्बर यांतील भेद समजून घेणे अवश्य आहे, कारण पुष्कळांच्या मनात त्याविषयी घोटाळा असतो. शॉक अ‍ॅब्सॉर्बर या नावावरून धक्का तोच सोशीत असावा असे वाटते. वास्तविक धक्का सोशिते ती कमान. मिनीच्या बाबतीत रबरी शंकू. परंतु दाबलेली कमान उसळी घेते, आणि झोपाळ्यास एकदा झोका दिला की तो जसा हलतच राहतो, तद्वत ती गाडीला हलवीत ठेविते. हा झोका आवरणे हे शॉक अ‍ॅब्सॉर्बरचे काम. त्याच्या आतील तेल बारीक छिद्रांतून जबरदस्तीने ढकलले जाते, आणि झोक्याचा जोर त्या घर्षणात उष्णतेच्या रूपाने संपतो. शॉक अ‍ॅब्सॉर्बर निकामी झाला म्हणजे चाक खड्ड्यावरून गेल्यावर उड्या मारीत राहते. आणि ज्या क्षणी चाक हवेत असते, त्या क्षणी ब्रेक लावणे व न लावणे सारखेच.

यावरून सुधारणेची पहिली पायरी कोणती हे उघड होते. जुन्या गाडीत काही नवीन बसविण्यापूर्वी तिचे मूळचे भाग पूर्ववत करावे. रबर वयाप्रमाणे दबते व कठीण होते. वीस-पंचवीस वर्षांचे शंकू असलेली मिनी बसकी दिसते, आणि दगडासारखी चालते. तिच्या मालकास वाटते की या गाडीची घडणच अशी. परंतु नवे शंकू, नवे शॉक अ‍ॅब्सॉर्बर आणि सांध्यांतील नवी रबरी बुशे बसविल्यावर तीच गाडी ओळखू येत नाही. जी सुधारणा करावयास लोक महागडे भाग विकत घेतात, तिचा मोठा वाटा केवळ झीज भरून काढण्याने पदरात पडतो.

दुसरा प्रश्न गाडी खाली बसविण्याचा. वजनाचा मध्यबिंदू खाली आला की वळणावर गाडी कमी कलते, हे तत्त्व खरे आहे. मिनीमध्ये शंकू व चाकाचा दांडा यांच्या मधला तुकडा काढून तेथे आट्यांचा, उंची कमीजास्त करता येणारा तुकडा बसविता येतो. ‘हाय-लो’ या नावाने तो विकला जातो. परंतु गाडी जितकी खाली येते, तितका चाकाला वर उचलण्यास वाव कमी उरतो. हा वाव संपला की चाकाचा दांडा रबरी अडणीवर आदळतो. आणि भर वळणावर तसे झाले, तर चाकाची पकड एकाएकी सुटते. मूळ लांबीचे शॉक अ‍ॅब्सॉर्बर अशा गाडीत आतल्या आत ठेचले जातात, म्हणून आखूड शॉक अ‍ॅब्सॉर्बर बसवावे लागतात. चाकांचा कलही बदलतो; तोही पुन्हा साधावा लागतो. तात्पर्य, जो एक तुकडा बदलावयास निघतो, त्याला चार तुकड्यांचा हिशेब द्यावा लागतो.

टायरविषयी तर गैरसमज फार दृढ आहे. रुंद टायर घेतला की रस्त्यावर अधिक रबर टेकते, असे सर्वत्र मानले जाते. पण वरील तळहाताचा हिशेब पुन्हा पाहावा. भार तोच आणि हवेचा दाब तोच असेल, तर टेकणारी जागाही जवळजवळ तितकीच राहते. बदलतो तो तिचा आकार. अरुंद टायरचा ठसा लांबट असतो, रुंद टायरचा आखूड व पसरट. पसरट ठशामुळे कोरड्या रस्त्यावर वळणाला काही लाभ होतो हे खरे. परंतु पावसाच्या पाण्यात परिस्थिती उलटते. लांबट ठशाचा पुढचा भाग पाणी कापून बाजूस सारतो आणि मागच्या भागाला ओला पण मोकळा रस्ता मिळतो. पसरट ठशाला एकाच वेळी अधिक पाणी सारावे लागते. ते साधले नाही तर टायर पाण्यावर तरंगतो. गाडी हलकी असली म्हणजे हे लवकर घडते, कारण पाणी दाबून बाजूस काढावयास तिच्याजवळ वजनच नसते. म्हणून छोट्या गाडीस रुंदीपेक्षा टायरचा दर्जा, त्याच्या खाचांची खोली व त्याचे वय या गोष्टी अधिक मोलाच्या. खाचांची खोली १·६ मिलिमीटरपेक्षा कमी झाली की इंग्लंडमध्ये व भारतातही मोटारीचा टायर कायद्याने बाद ठरतो. वयाचा उलगडा टायरच्या बगलेवरील चार आकड्यांवरून होतो. ‘२३१९’ असे आकडे असतील, तर तो टायर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात तयार झाला. खाचा शाबूत असूनही जुनाट झालेले कठीण रबर ओल्या रस्त्यावर दगा देते.

राहता राहिले चाकाचे माप. मिनीचा इतिहास येथे विशेष उपयोगी पडतो. १९६४, १९६५ आणि १९६७ या तीन वर्षी मिनी कूपर एस या गाडीने बर्फाने झाकलेल्या घाटांतून होणारी मॉन्टे कार्लोची शर्यत जिंकली, ती १० इंची चाकांवरच. चाक मोठे असल्याखेरीज गाडी रस्ता धरीत नाही, ही समजूत खोटी ठरवावयास एवढे पुरे आहे. मग १९८४ साली कारखान्याने १२ इंची चाके का स्वीकारली? त्याचे मुख्य कारण चाकाच्या आत होते. १० इंची रिममध्ये मोठी ब्रेकची तबकडी मावत नव्हती. कूपर एसची तबकडी साडेसात इंचांची होती. १२ इंची रिममध्ये ८·४ इंचांची तबकडी बसली, आणि ती सर्वसाधारण मिनीलाही लाभली. अर्थात चाक मोठे झाले ते दिखाव्यासाठी नव्हे, गाडी थांबविण्यासाठी.

या बदलात मापांचा मेळ कसा राखला गेला तेही पाहण्यासारखे आहे. टायरवर १४५/८० आर १० असे लिहिलेले असते, तेव्हा १४५ ही मिलिमीटरमध्ये रुंदी, ८० हे त्या रुंदीच्या शेकडेवारीत बगलेच्या उंचीचे प्रमाण, आणि १० ही रिमची इंचांतील मोजणी होय. या टायरची बगल ११६ मिलिमीटर उंच व एकंदर व्यास ४८६ मिलिमीटर. १९८४ च्या मिनीचे माप १४५/७० आर १२ झाले. भारतात मारुती ८०० या गाडीला अनेक वर्षे बसत असलेले माप हेच. त्याची बगल सुमारे १०१ व व्यास ५०८ मिलिमीटर. पुढे १९९६ सालापासून काही गाड्यांस १३ इंची चाके मिळाली, तेव्हा १७५/५० आर १३ हे माप घेतले. त्याची बगल ८७ मिलिमीटरच्या आसपास, परंतु व्यास ५०५. रिम वाढली तशी बगल आखूड केली आणि बाहेरचा व्यास जवळजवळ कायम ठेविला. हाच नियम प्रत्येक गाडीला लागू आहे. तो मोडला तर वेग दाखविणारा काटादेखील बिघडतो: ४८६ मिलिमीटरसाठी योजलेला काटा ५०८ मिलिमीटरच्या चाकावर ताशी ६० किलोमीटर दाखवीत असेल, तेव्हा गाडी सुमारे ६३ च्या वेगाने धावत असते.

परंतु बगल आखूड झाली याचाही मोबदला द्यावा लागतो. टायरमधील हवा हीदेखील एक कमानच आहे, आणि खड्ड्याचा पहिला तडाखा तीच झेलते. ती उशी पातळ झाली की तडाखा रिमवर येतो, रिम वाकते, आणि उरलेला धक्का बसणाऱ्यांच्या पाठीपर्यंत पोहोचतो. शिवाय मोठे चाक बहुधा जड असते. चाक, टायर व ब्रेक यांचे वजन कमानीच्या खालचे. ते जितके अधिक, तितके खाचखळग्यांतून चाकास चटकन वर-खाली नाचविणे कमानीला जड जाते. शर्यतीच्या मिनींना मॅग्नेशियम मिश्रधातूची मिनीलाइट चाके बसवीत, ती याच हलकेपणासाठी. आज त्या चाकांच्या नकला केवळ रूपासाठी विकत घेतल्या जातात, आणि कित्येकदा त्या मूळच्या पोलादी चाकाहून जड निघतात. चाक बाहेरच्या बाजूस सरकविले, तर बेअरिंगवर ओझ्याचा तरफेसारखा जोर पडतो, स्टिअरिंग हाताला हिसके देते, आणि पूर्ण वळविलेले चाक कमानीच्या पत्र्याला घासू लागते.

असे काहीही बदलल्यावर चाकांची दिशा मोजून घेणे, ज्यास अलाइनमेंट म्हणतात, ते टाळू नये. मिनीची पुढील चाके उभ्या स्थितीत एक षोडशांश इंच बाहेर फाकलेली ठेवितात. कारण पुढची चाकेच गाडी ओढतात, आणि ओढताना ती आत वळू पाहतात. मागील चाके मात्र एक अष्टमांश इंच आत मिटलेली असतात. सुतासारख्या या फरकावर टायरचे आयुष्य आणि गाडीचा सरळपणा अवलंबून असतो.

तेव्हा क्रम ठरविणे कठीण नाही. आधी झिजलेले भाग पूर्ववत करावे. मग चांगले, ताजे व योग्य मापाचे टायर घ्यावे आणि त्यांतील हवा थंड चाकावर नियमाने मोजावी. त्यानंतर शॉक अ‍ॅब्सॉर्बर. मग कमानी व उंची. आणि चाकाचे माप सर्वांच्या शेवटी, तेही गरज असेल तरच. भारतात गाडीच्या मूळ रचनेत मनास येईल तो फेरफार करण्यास १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाने बंदी आहे, हेही ध्यानी असावे. बहुतेकांचा खर्च मात्र याच्या नेमका उलट क्रमाने होतो: प्रथम चाके, आणि टायरमधील हवा शेवटपर्यंत नाहीच.

इंजिनाची शक्ती चालक आपल्या खुशीने मागतो. चाकांची पकड त्याला निरुपायाने मागावी लागते. पावसात भिजलेल्या रस्त्यावर एखादे मूल चेंडूमागे धावत पुढे आले, म्हणजे गाडी किती ऐटदार दिसते हा प्रश्न उरत नाही. त्या क्षणी चार तळहात जमिनीला टेकलेले आहेत की नाहीत, एवढेच विचारले जाते.