दररोज दीड जीबी (लेखांक पाचवा)

मोबाइलचा मनोरा आणि त्याच्या वाट्याला येणारा रेडिओलहरींचा पट्टा यांची ओळख मागील लेखांकात झाली. त्या पट्ट्याची ग्राहकांत वाटणी कोणत्या हिशेबाने होते, आणि ज्या रिचार्जच्या जाहिरातीवर 'अनलिमिटेड' ही अक्षरे ठसठशीत छापलेली असतात त्यात वस्तुतः काय अमर्याद आणि काय मोजूनमापून दिलेले असते, याचा विचार आज करावयाचा आहे.

कोल्हापूरकराला या विषयाचे मर्म समजण्यासाठी फार दूर जावे लागणार नाही. येथील खाणावळीत मटणाचे ताट मागविले, की तांबडा-पांढरा रस्सा हवा तितका मिळतो, वाढपी वाटी रिकामी होण्याचीही वाट पाहत नाही. परंतु सुक्या मटणाची वाटी एकदाच येते, आणि दुसरी मागितल्यास तिचे दाम बिलात निराळे लागतात. यात मालकाची लबाडी नाही. जो जिन्नस स्वस्तात पडतो त्याबाबत तो उदार, आणि जो महाग पडतो त्याबाबत हिशेबी. कंपन्यांचा शिरस्ता हाच आहे. तासभराचे संभाषण दहा-वीस मेगाबाइटांत मावते. तेवढाच वेळ चांगल्या प्रतीचा सिनेमा फोनवर पाहिला तर एक जीबी, म्हणजे पन्नास ते शंभरपट माल, सहज खर्ची पडतो. म्हणून बोलणे अमर्याद, आणि डेटा मोजून.

पूर्वी याच्या उलट होते. ३१ जुलै १९९५ रोजी बंगालचे तत्कालीन मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी कलकत्त्याहून दिल्लीस केंद्रीय दूरसंचारमंत्री सुखराम यांच्याशी देशातील पहिले मोबाइल-संभाषण केले, त्यानंतर कित्येक वर्षे आलेल्या फोनचेही पैसे मोजावे लागत. ५ सप्टेंबर २०१६ रोजी जिओचा अंमल सुरू झाला आणि डेटा काही महिने फुकट मिळाला; पण त्या फुकटालाही दिवसाला ४ जीबीची, आणि नववर्षापासून १ जीबीची वेस होतीच. पुढे हीच 'दररोज इतके' देण्याची वहिवाट सर्वत्र रुळली. जुलै २०२४च्या दरवाढीत जिओचा दररोज दीड जीबीचा, २८ दिवस मुदतीचा रिचार्ज २३९ रुपयांवरून २९९वर गेला. ४२ जीबीला २९९, म्हणजे जीबीमागे सात रुपयांच्या आसपास.

मर्यादा संपली म्हणजे नळ बंद होत नाही, त्याची धार बारीक होते. वेग सेकंदाला ६४ किलोबिटांवर, म्हणजे अवघ्या ८ किलोबाइटांवर येतो. दोन मेगाबाइटांचे एखादे छायाचित्र उघडण्यास चार मिनिटांहून अधिक काळ लागतो. राजारामपुरीतल्या खोल्यांत राहणारी मुले याला 'नेट संपलं' म्हणतात, आणि "भावा, हॉटस्पॉट दे की" ही विनवणी रात्री दहाच्या सुमारास सुरू होते. कायद्याच्या भाषेत मात्र नेट संपलेले नसते, आणि तेवढ्या आधारावर जाहिरातीतली अक्षरे शाबूत राहतात. अमेरिकेत ए. टी. अँड टी. कंपनीने अमर्याद डेटाचे ग्राहक ठराविक वापरानंतर असेच मंदगती केले, तेव्हा तेथील व्यापार आयोगाने २०१४ साली फिर्याद लावली, आणि २०१९ साली सहा कोटी डॉलरांवर तडजोड झाली.

आता प्रश्न असा, की ही मोजणी ज्या टंचाईसाठी म्हणून केली जाते, ती टंचाई नेमकी कशाची? डेटा धान्यासारखा कोठारात साठत नाही. मनोऱ्याची क्षमता क्षणाक्षणाची असते, आणि जो क्षण कोणी वापरला नाही तो वायाच जातो. चैत्रात जोतिबाच्या डोंगरावर लाखोंचा जनसमुदाय लोटतो तेव्हा प्रत्येकाच्या खात्यावर दीड जीबी शिल्लक असूनही फोटो जाता जात नाही. उलट पहाटे तीन वाजता, शेतीपंपाची वीज रात्रपाळीला आली म्हणून उसाला पाणी पाजीत बांधावर बसलेल्या शेतकऱ्याने एक जीबी खर्च केला, तर त्याने कोणाच्याही तोंडचा घास काढलेला नसतो. दोघांचा हिशेब मात्र एकाच मापाने. दैनिक मर्यादा ही टंचाईची नव्हे, तर वसुलीच्या सोयीची व्यवस्था आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. व्होडाफोन-आयडियाने काही रिचार्जांत मध्यरात्री बारा ते सकाळी सहा डेटा मुक्त ठेवला आणि आठवड्यात उरलेला शनिवार-रविवारी वापरू दिला, ही तजवीज त्या मानाने अधिक सयुक्तिक होती.

'अमर्याद ५जी'चे कलमही बारकाईने वाचावे. २०२४च्या दरवाढीपासून जिओ आणि एअरटेल यांनी ते दररोज २ जीबी वा त्याहून मोठ्या रिचार्जांपुरते ठेवले, आणि ते फोन प्रत्यक्ष ५जीवर असेल तेवढ्याच वेळेपुरते असते. गगनबावडा किंवा शाहूवाडीकडे डोंगराआड फोन ४जीवर उतरला, की रोजची मोजणी पुन्हा सुरू होते.

ज्यांच्या घरी केवळ बोलण्यापुरता, बटणांचा फोन वापरणारी वडीलधारी मंडळी आहेत, त्यांनी डेटाचे दाम विनाकारण भरू नयेत. डिसेंबर २०२४मध्ये दूरसंचार नियामक प्राधिकरणाने केवळ बोलणे व संदेश यांचा रिचार्ज निराळा देणे कंपन्यांना बंधनकारक केले असून, त्याची मुदत ३६५ दिवसांपर्यंत असू शकते. दुकानदार तो आपण होऊन दाखवीलच असे नाही. नाव घेऊन मागावा. महिना २८ दिवसांचा धरून वर्षाला तेरा हप्ते वसूल करण्याच्या मामल्याकडे पुढील लेखांकात वळू.