हुकूम उघडला, आता पुढे काय? पत्त्यांची भांडणं आणि व्हॅम्पायरचे नियम

(एपिसोडचा लेखी मजकूर. एसटीच्या आवाजात ज्यांना नीट ऐकू आलं नाही, त्यांच्यासाठी.)



आखाजी म्हटली की आपल्या खान्देशात काय काय आलं? घागर पुजणं, पुरणपोळी, आमरस, झोक्यावर माहेरवाशिणींची गाणी. आणि ओट्यावर पत्त्यांचे डाव. पैसे लावून खेळणाऱ्यांचा विषय आज नको. आज बोलायचंय ते बिनपैशाच्या डावात होणाऱ्या भांडणाबद्दल.

आईचं माहेर धुळ्याचं, आम्ही जळगावचे. दोन वर्षांपूर्वी आखाजीला मामाकडे मेंढीकोट रंगला होता. माहीत नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: चार जण, दोन जोड्या, प्रत्येकाला १३ पानं. चारपैकी तीन दश्श्या जिंकल्या की डाव तुमचा. दोन-दोन झाल्या तर ज्यांचे हात जास्त, ते जिंकले. आम्ही बंद हुकूम खेळत होतो. म्हणजे एक जण हातातलं एक पान पालथं ठेवतो आणि त्याचा रंग हाच हुकूम.

बदामची उतारी होती. मामेभावाकडे बदाम नव्हतं. तो म्हणाला, "हुकूम उघडा." निघालं इस्पिक. त्याच्या हातात इस्पिक होतं, तरी त्याने किलवरची दुरी टाकली. माझा दादा उखडला. "उघडायला लावलं ना? मग हुकूमच मार!" भाऊ म्हणे, "आमच्याकडे अशी सक्ती नाही भो." आवाज चढले, पत्ते फेकले गेले. रोज फोनवर बोलणारे दोघं पुढची आखाजी येईपर्यंत बोलले नाहीत. एका दुरीपायी!

जिथे प्रत्येक पानच नियम आहे

त्याच काळात मी एका खेळाचे व्हिडिओ बघायला लागलो. नाव 'व्हॅम्पायर: द इटर्नल स्ट्रगल'. 'मॅजिक' हा पत्त्यांचा खेळ बनवणाऱ्या रिचर्ड गारफील्ड यांनीच तो बनवला. १९९४ साली तो आला तेव्हा नाव होतं 'जिहाद', ते पुढच्याच वर्षी बदललं. २०१० मध्ये छपाई थांबली, २०१८ मध्ये नव्या कंपनीने पुन्हा सुरू केली.

खेळ असा. चार-पाच जण गोल बसतात. प्रत्येक जण एक प्राचीन व्हॅम्पायर, जो पडद्यामागून तरुण व्हॅम्पायरांना नाचवतो. प्रत्येकाकडे सुरुवातीला ३० पूल, म्हणजे जीव म्हणा. डावीकडचा तुमचं सावज, उजवीकडचा तुमचा शिकारी. सावजाचा पूल संपवला की तुम्हाला एक विजयगुण आणि वर सहा पूल. पूल कमी करण्याच्या चालीला म्हणतात 'ब्लीड'.

आता आपल्या ५२ पानांत नियम खेळाचा असतो, पानावर काही लिहिलेलं नसतं. इथे जवळजवळ प्रत्येक पानावर वेगळा नियम छापलेला असतो. दोन पानं एकत्र आली की दोन नियमांची टक्कर. मग इथे तर रोज पत्ते फेकले जायला हवेत ना? पण तसं होत नाही. कारण वाद झाला की ते ठरलेल्या क्रमाने तीन प्रश्न विचारतात.

पहिला प्रश्न: लिहिलंय काय?

नियमपुस्तिका आणि पान यांत विरोध आला तर पानाचं ऐकायचं. पण शब्दाचा अर्थ मनाने लावायचा नाही. उदाहरण बघा. लढाईत एकाने 'फर्स्ट स्ट्राइक'चा वार केला, समोरच्याने 'कॉम्बॅट एंड्स' म्हणजे लढाई संपवणारं पान टाकलं. नावावरून वाटतं, 'फर्स्ट' आधी लागणार. चूक! पुस्तिकेत स्पष्ट आहे: लढाई संपवणारी चाल सगळ्यांच्या आधी, फर्स्ट स्ट्राइकच्याही आधी. वार हवेतच.

दुसरा प्रश्न: ही वेळ आहे का?

चाल लपवायला 'स्टेल्थ' लागते, अडवायला 'इंटरसेप्ट'. दोन्ही सारखे झाले तर अडवणारा जिंकतो. म्हणून नवखा आधीच स्टेल्थचं पान टाकून ठेवायला बघतो. चालत नाही. कुणी अडवायला आला आणि स्टेल्थ कमी पडत असेल, तेव्हाच ते टाकता येतं. पान बरोबर, वेळ चुकली, तर पान परत हातात.

तिसरा प्रश्न: आधी बोलायचं कुणी?

खरी गंमत इथे आहे. मी तुम्हाला ब्लीड करतोय, साधं ब्लीड एकाचं. तुम्ही म्हणालात, "अडवत नाही." माझ्याकडे ब्लीड वाढवणारं पान आहे. तुमच्याकडे 'डिफ्लेक्शन', म्हणजे माझं ब्लीड तिसऱ्याच्या अंगावर ढकलणारं पान. आधी कोण टाकणार? ज्याची चाल सुरू आहे, पहिली संधी त्याची. म्हणजे माझी.

मी वाढवलं, तर तुम्ही ते वाढलेलं ब्लीड तिसऱ्याकडे ढकलाल. मी गप्प बसलो आणि तुम्हीही, बाकीचेही गप्प बसले, तर ब्लीड एकाचंच लागणार. नंतर "थांब थांब, माझं पान राहिलं" चालणार नाही. पण मी गप्प बसल्यावर तुम्ही डिफ्लेक्शन टाकलं, तर मला पुन्हा संधी मिळते.

आणि ज्याच्यावर ब्लीड ढकललं, तो अडवू शकतो का? हो. तुम्ही नकार दिलात तो तुमचा, त्याला तर कुणी विचारलंच नव्हतं. तुम्ही मात्र दिलेला शब्द मागे घेऊ शकत नाही.

मग दादा बरोबर होता की भाऊ?

मी हे तीन प्रश्न आमच्या भांडणाला लावून पाहिले. वेळ बरोबर होती, पाळीही बरोबर होती. अडलं पहिल्याच प्रश्नावर: लिहिलंय काय? काहीच नाही! जळगावच्या आमच्या घरी सक्ती, धुळ्याला मोकळीक. दोघंही आपापल्या घरचा नियम प्रामाणिकपणे खेळत होते. चूक कुणाचीच नव्हती, आणि त्यामुळेच ते भांडण मिटत नव्हतं.

गेल्या आखाजीला मामांनी पिसण्याआधीच जुन्या कॅलेंडरच्या मागे लिहिलं: 'ज्याच्या घरी डाव, त्याच्या घरचा नियम. मधे बदल नाही.' दादाने वाचलं, काही बोलला नाही. भावाशेजारी जाऊन बसला आणि म्हणाला, "वाट पत्ते."

तर मंडळी, या सुट्टीत डाव मांडाल तेव्हा आधी दोन मिनिटं नियम बोलून घ्या. आणि तुमच्याकडे हुकूम उघडायला लावणाऱ्यावर सक्ती असते का, हे गावाच्या नावासकट कळवा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. राम राम!