वीस लिटरांचा समुद्र

समुद्र म्हटला की अफाट, अथांग ही विशेषणे आपोआप जिभेवर येतात. आज आम्ही ज्या समुद्राविषयी बोलणार आहोत, तो मेजाच्या कोपऱ्यावर मावणारा, अवघा २० लिटरांचा आहे. परदेशी वास्तव्यात आम्ही तो एका काचपेटीत मांडला होता. तेथे लागवड करून वाढवलेले प्रवाळाचे तुकडे विकत मिळतात. सच्छिद्र खडकाचे दोन तुकडे, प्रवाळाच्या पाच-सहा वसाहती आणि बोटभर लांबीचा एक मासा, एवढाच त्याचा पसारा. वर्षभर तो दृष्ट लागावी असा होता. मग दृष्ट लागलीही. पण ती लावणारे आम्हीच होतो.

झाले असे. पेटीतले पाणी रोज थोडे आटते. मीठ मात्र मागे राहते. एका लिटरात सुमारे ३५ ग्रॅम मीठ हवे. २० लिटरांतले अर्धा लिटर पाणी उडाले की ते जवळजवळ ३६ होते. म्हणून रोज तेवढेच गोडे, गाळून शुद्ध केलेले पाणी घालायचे असते. आम्ही घाईच्या दिवसांत नळाचे पाणी ओतू लागलो, आणि कौतुकापोटी माशाला दोन घास अधिक घालू लागलो. दोन महिन्यांत खडकावर हिरव्या केसांसारखे शेवाळ माजले आणि त्याखाली प्रवाळाचे जीव मिटून बसले.

शेवाळ कशावर पोसते? माशाच्या विष्ठेतून आणि कुजणाऱ्या अन्नातून अमोनिया निर्माण होतो. तो विषारी असतो. खडकावरचे सूक्ष्म जंतू त्याचे नायट्राइट व पुढे नायट्रेट करतात. खडकाच्या खोल, प्राणवायू न पोचणाऱ्या छिद्रांत दुसरे जंतू नायट्रेटचा नायट्रोजन वायू करून सोडून देतात. पण त्यांची शक्ती मर्यादित. उरलेले नायट्रेट आणि अन्नातून वा नळातून आलेले फॉस्फेट हेच शेवाळाचे खत. मोठ्या समुद्रात ते पांगते. २० लिटरांत ते जाणार कोठे?

गंमत अशी की, आम्ही पाणी तपासले तेव्हा नायट्रेट शून्य निघाले. आम्ही सुखावलो. वस्तुतः पाण्यात ते दिसत नव्हते, कारण शेवाळ ते येताक्षणीच गिळत होते. तिजोरी रिकामी दिसली म्हणून चोरी झाली नाही असे समजण्यासारखेच ते होते.

कोणी म्हणेल, औषध टाकून शेवाळ मारावे, किंवा पेटीवर चार दिवस काळे फडके टाकावे. मोह आम्हांलाही झाला. परंतु मेलेले शेवाळ पाण्यातच कुजते, प्राणवायू खाते, आणि आपले सारे खत पुन्हा पाण्याला परत देते. शिवाय प्रवाळाच्या देहातही सूक्ष्म शैवाल राहते आणि त्याने प्रकाशात तयार केलेल्या अन्नावर प्रवाळ जगतो. शत्रू आणि मित्र एकाच दिव्याखाली वाढत असताना दिवा विझवणे सोपे नव्हे.

म्हणून आम्ही सावकाशीचा मार्ग धरला. प्रथम नळाचे पाणी बंद. मग खडकाचे तुकडे बाहेर, समुद्री पाण्याच्या बादलीत धरून, शेवाळ बोटांनी उपटले आणि उरलेले दात घासण्याच्या जुन्या ब्रशाने खरवडले. उपटलेले शेवाळ म्हणजे पेटीबाहेर गेलेले खत! दर आठवड्याला ४ लिटर पाणी काढून तितक्याच खारटपणाचे व उष्णतेचे नवे घातले. हिशेब सोपा आहे: नवी भर पडली नाही, तर शंभराचे ८०, मग ६४, ५१, ४१ आणि पाचव्या आठवड्याला ३३ उरतात. प्रत्यक्षात आकडा इतका उतरला नाही, कारण खडकात मुरलेले फॉस्फेट हळूहळू पाझरत राहिले. दिवा बारा तासांवरून आठ तासांवर आणला. माशाचे अन्न निम्मे केले. शेवटी शेवाळ चरणाऱ्या तीन गोगलगाई सोडल्या. त्या आधी सोडून भागले नसते. लांब वाढलेले शेवाळ त्या सहसा खात नाहीत.

खत शून्यावर आणण्याचा हट्टही धरायचा नसतो. प्रवाळालाही थोडे लागतेच. ते अगदी संपले तर तो फिका पडतो, आणि दुसरेच चिवट सूक्ष्मजीव माजतात.

तीन महिन्यांनी खडक पुन्हा जांभळट दिसू लागला. दोन वसाहती मात्र परतल्या नाहीत.

श्रोतेहो, हीच गोष्ट खऱ्या समुद्रातही घडली आहे. कॅरिबियन समुद्रात शेवाळ चरणारे लांब काट्यांचे अर्चिन १९८३-८४ साली रोगाने सरसकट मेले. जमैकाभोवतीचे मासे आधीच अति पकडले गेले होते आणि १९८० च्या वादळाने प्रवाळ मोडले होते. तळाचा निम्म्याहून अधिक भाग झाकणारा जिवंत प्रवाळ १९९० नंतरच्या काळात ५ टक्क्यांच्याही खाली आला. जागा शेवाळाने घेतली. उलट हवाई बेटांतील कानेओहे उपसागरात पडणारे सांडपाणी १९७७-७८ साली बाहेर खोल समुद्राकडे वळवले, तेव्हा हिरवे शेवाळ बरेच ओसरले आणि प्रवाळ पुन्हा वाढू लागला. एकीकडे चरणारे गेले, दुसरीकडे खत थांबले. आमच्या पेटीतले दोन्ही धडे तेथे मोठ्या अक्षरांत लिहिलेले आहेत.

आपल्या मालवणच्या किनाऱ्यालाही प्रवाळ आहे. दगडी प्रवाळाला वन्यजीव संरक्षण कायद्याचे छत्र आहे. तो उचलून घरी आणणे गुन्हा होय. पण कायदा हात अडवतो, गटार अडवीत नाही. पेटीतले पाणी आम्हांला बदलता आले. समुद्राचे पाणी बदलायला दुसरी बादली कोठून आणणार?