मागणीनुसार टी-शर्ट मुद्रण आणि ऑनलाईन विक्री : नांदेड-लातूर परिसरातील विद्यार्थी-उद्योजकतेच्या संदर्भात एक विवेचन

सारांश

मागणी आल्यानंतर एकेक टी-शर्ट छापून थेट ग्राहकाच्या घरी पाठविणाऱ्या ऑनलाईन सेवा अलीकडे महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना आकर्षित करीत आहेत. यंत्रसामग्री, साठा व दुकान यांशिवाय व्यवसाय सुरू करता येतो, हे या पद्धतीचे वैशिष्ट्य होय. प्रस्तुत लेखात या पद्धतीची रचना, तिचे अर्थकारण, देवनागरी मुद्रणातील अडचणी आणि संबंधित कायदेशीर तरतुदी यांचे विवेचन केले आहे. ही पद्धती यंत्राचे भांडवल वाचविते, परंतु ग्राहक मिळविण्याची व टिकविण्याची जोखीम पूर्णतः विक्रेत्यावर ठेवते. म्हणून विद्यार्थ्यांना मार्गदर्शन करताना प्राध्यापकांनी 'विनाभांडवल व्यवसाय' ही संज्ञा जपून वापरावी, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजसंज्ञा : मागणीनुसार मुद्रण, विद्यार्थी-उद्योजकता, देवनागरी अक्षरमुद्रण, वस्तू व सेवा कर, बौद्धिक संपदा.

प्रस्तावना

मराठवाडा हा कापूस पिकविणारा प्रदेश आहे. नांदेड येथील कापूस संशोधन केंद्राने विकसित केलेला 'नांदेड ४४' हा संकरित वाण एकेकाळी देशाच्या अनेक भागांत पोहोचला होता. निझामी राजवटीत नांदेड शहरात उस्मानशाही मिल उभी राहिली. पुढे ती राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाच्या ताब्यात गेली आणि कालांतराने बंद पडली. जिनिंग-प्रेसिंगपर्यंतची प्रक्रिया या भागात होत राहिली. मात्र सूत, कापड व तयार कपडे यांतून निर्माण होणारे मूल्य प्रामुख्याने बाहेरच राहिले. टी-शर्टसाठी लागणारे होजिअरी कापड आज मुख्यतः तमिळनाडूतील तिरुपूर येथे विणले जाते.

या पार्श्वभूमीवर ऑनलाईन मुद्रणसेवांमुळे एक नवी शक्यता पुढे आली आहे. कापड तिरुपूरचे, छपाई तेथीलच, पण त्यावरील शब्द व चित्र नांदेड किंवा लातूरच्या विद्यार्थ्याचे, अशी ही रचना आहे. 'सर, एक रुपयाही न गुंतवता हा धंदा करता येतो म्हणे, खरे आहे का?' हा प्रश्न वाणिज्य शाखेच्या वर्गात आता वारंवार विचारला जातो. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार पदवी अभ्यासक्रमात क्षेत्रप्रकल्प व कार्यप्रशिक्षण यांचा समावेश झाल्यामुळे या प्रश्नाचे जबाबदार उत्तर देणे हा अध्यापनाचाच भाग बनला आहे.

लेखाची उद्दिष्टे

१. मागणीनुसार मुद्रणाची कार्यपद्धती स्पष्ट करणे.
२. तिच्या अर्थकारणाची स्थानिक स्क्रीन प्रिंटिंगशी तुलना करणे.
३. मराठी मजकूर छापताना येणाऱ्या अडचणी व त्यांवरील उपाय मांडणे.
४. विक्रेत्यास लागू होणाऱ्या प्रमुख कायदेशीर तरतुदींचा परिचय करून देणे.

संकल्पना व विकास

व्यवसायाच्या पारंपरिक पद्धतीत आधी माल तयार होतो व नंतर ग्राहक शोधला जातो. मागणीनुसार मुद्रणात हा क्रम उलटा होतो. अमेरिकेत १९९९ मध्ये कॅफेप्रेस आणि जर्मनीतील लाइपझिग येथे २००२ मध्ये स्प्रेडशर्ट या सेवांनी ही कल्पना रूढ केली. भारतात चेन्नईची प्रिंट्रोव्ह व तिरुपूरची क्विकइंक या कंपन्या अशा स्वरूपाची सेवा देतात.

कार्यपद्धती थोडक्यात अशी : विक्रेता आपले संकल्पचित्र सेवेच्या संकेतस्थळावर चढवितो आणि आपल्या ऑनलाईन दुकानात त्याची किंमत ठरवितो. ग्राहकाने मागणी नोंदविली की मुद्रणसेवा विक्रेत्याकडून मूळ दर व टपालखर्च घेते, टी-शर्ट छापते आणि विक्रेत्याच्या नावाने पार्सल रवाना करते. विक्री किंमत आणि हा खर्च यांतील फरक म्हणजे विक्रेत्याचे ढोबळ उत्पन्न होय.

एक नग छापणे परवडते, यामागे तांत्रिक कारण आहे. स्क्रीन प्रिंटिंगमध्ये प्रत्येक रंगासाठी स्वतंत्र चौकट तयार करावी लागते. म्हणून पहिला नग महाग व शंभरावा स्वस्त पडतो. ज्या पद्धतीत छपाईयंत्र थेट कापडावर शाई फवारते, त्या डीटीजी पद्धतीत चौकटच नसते. त्यामुळे पहिल्या व शंभराव्या नगाचा खर्च जवळपास सारखाच राहतो. ही पद्धती सुती कापडावर चांगला परिणाम देते. गडद रंगाच्या कापडावर मात्र आधी पांढऱ्या शाईचा थर द्यावा लागत असल्याने खर्च वाढतो.

अर्थकारण : एक उदाहरण

पुढील आकडे केवळ विवेचनासाठी गृहीत धरले आहेत. प्रत्यक्ष दर सेवेनुसार बदलतात. समजा, टी-शर्टची विक्री किंमत ४९९ रुपये आहे. टी-शर्ट व छपाई मिळून २७० रुपये, टपाल व वेष्टन ८० रुपये आणि रक्कम स्वीकारण्याचे शुल्क १० रुपये धरल्यास प्रत्येक नगामागे १३९ रुपये उरतात. विद्यार्थी बहुधा या टप्प्यावर हिशेब थांबवितो व शंभर नगांचे १३,९०० रुपये मोजू लागतो. खरा हिशेब येथून पुढे सुरू होतो.

लहान शहरांतील अनेक ग्राहक आजही माल हाती आल्यावर पैसे देणे पसंत करतात. अशा मागण्यांतील काही पार्सले ग्राहक स्वीकारीत नाही व ती परत येतात. दहांपैकी एक पार्सल परत आले असे मानू. त्या नगाचे २७० रुपये, जाण्याचे ८० व येण्याचे ८० असे ४३० रुपये बुडतात. उरलेल्या नऊ नगांचे १,२५१ रुपये वजा ४३० म्हणजे ८२१ रुपये हाती राहतात. समाजमाध्यमांवरील जाहिरातीसाठी प्रत्येक मागणीमागे ६० रुपये खर्च झाल्यास दहा मागण्यांचे ६०० रुपये वजा होऊन केवळ २२१ रुपये शिल्लक राहतात. एकाऐवजी दोन पार्सले परत आली, तर हाच व्यवहार ३४८ रुपये तोट्यात जातो. विद्यार्थ्याने संकल्पचित्रासाठी व ग्राहकांच्या चौकशीला उत्तरे देण्यासाठी दिलेला वेळ यात धरलेलाच नाही.

स्थानिक छपाईशी तुलना केल्यास चित्र अधिक स्पष्ट होते. दोन रंगांच्या चौकटींचा खर्च ६०० रुपये आणि प्रत्येक टी-शर्ट छपाईसह १९० रुपये असे गृहीत धरू. साठ नगांचा एकूण खर्च १२,००० रुपये, म्हणजे नगामागे २०० रुपये होतो. मागणीनुसार मुद्रणाचा २७० रुपये हा दर विचारात घेता आठव्या नगापासूनच स्थानिक छपाई स्वस्त ठरते. शिवाय टपालखर्च वाचतो. स्नेहसंमेलन, गणेश मंडळ, क्रीडा संघ, माळेगावच्या खंडोबाची यात्रा किंवा लातूरच्या सिद्धेश्वराची यात्रा अशा प्रसंगांसाठी एकाच प्रकारचे पन्नास-साठ टी-शर्ट हवे असल्यास शहरातील स्क्रीन प्रिंटरकडे जाणेच योग्य होय. मात्र पुणे, हैदराबाद, बेंगळुरू येथे विखुरलेल्या मराठवाड्यातील तरुणांना निरनिराळ्या मापांचा व मजकुरांचा एकेक टी-शर्ट हवा असेल, तेथे मागणीनुसार मुद्रणाला पर्याय नाही. दोन्ही पद्धती परस्परांच्या स्पर्धक नसून त्यांची क्षेत्रे भिन्न आहेत.

मोठ्या व्यवसायांचा अनुभवही येथे उद्बोधक ठरतो. आय. आय. टी. मुंबईच्या दोन माजी विद्यार्थ्यांनी २०१२ मध्ये मुंबईत सुरू केलेला 'बेवकूफ' हा ब्रँड विनोदी मजकुराच्या टी-शर्टमुळे देशभर परिचित झाला. २०२२ मध्ये आदित्य बिर्ला समूहाच्या टीएमआरडब्ल्यू या कंपनीने त्यातील बहुसंख्य हिस्सा घेतला. ऑनलाईन टी-शर्ट विक्री मोठ्या प्रमाणावर करावयाची झाल्यास भांडवल टाळता येत नाही, एवढे यावरून दिसते. अल्प भांडवलाच्या विद्यार्थ्याला त्या बाजारपेठेत किमतीच्या बळावर टिकता येणार नाही.

भाषा हेच भांडवल

मग या विद्यार्थ्याजवळ असे काय आहे, जे मोठ्या कंपनीजवळ नाही? त्याचे उत्तर भाषेत आहे. 'काय करलालास?' हा प्रश्न लातूर-उदगीर भागातील माणसाला परगावी ऐकू आला, तर तो थांबून वळून पाहतो. प्रमाण मराठीतील किंवा इंग्रजीतील विनोद कोणीही छापू शकतो. बोलीतील नेमका शब्द त्या बोलीत वाढलेल्या व्यक्तीलाच सुचतो. वाणिज्य व मराठी या दोन विभागांनी एकत्र येऊन बोलीतील शब्दसंग्रहाचा प्रकल्प हाती घेतल्यास त्यातून अभ्यास व अर्थार्जन दोन्ही साधता येईल.

तथापि मराठी मजकूर छापताना काही तांत्रिक अडचणी येतात. अनेक संकेतस्थळांवरील संकल्पन-साधने देवनागरीची जोडणी नीट हाताळीत नाहीत. त्यामुळे ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी न लागता नंतर लागते आणि जोडाक्षरे फुटून पाय मोडलेली अक्षरे दिसू लागतात. जुन्या, युनिकोडपूर्व टंकांतील मजकूर दुसऱ्या संगणकावर रोमन अक्षरांचा गोंधळ बनतो. हिंदीसाठी घडविलेल्या काही टंकांत मराठी वळणाचे 'ल' आणि 'श' मिळत नाहीत. 'दऱ्या', 'वाऱ्यावर' यांतील अर्ध्या 'र'चे रूपही बिघडते. यावर उपाय असा की मजकूर युनिकोडमध्ये लिहावा, तो चित्रात रूपांतरित करावा आणि पारदर्शक पार्श्वभूमीची पीएनजी फाईल चढवावी. १२ × १६ इंच छपाईक्षेत्रासाठी ३०० डीपीआय घनतेने ३६०० × ४८०० पिक्सेलचे चित्र लागते. अनुस्वार व बारीक शिरोरेषा कापडाच्या विणीत हरवतात, म्हणून अक्षरे ठसठशीत ठेवावीत. टंकाचा परवानाही तपासावा. मुंबईच्या एक टाईप या संस्थेचे मुक्ता, बलू, मोदक हे टंक मुक्त परवान्यानुसार उपलब्ध असून व्यावसायिक छपाईसाठी वापरता येतात.

कायदेशीर बाजू

पहिला मुद्दा मजकुराच्या स्वामित्वाचा आहे. प्रतिलिप्यधिकार कायदा, १९५७ नुसार साहित्यकृतीचा अधिकार साधारणतः लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षे टिकतो. कुसुमाग्रजांचे निधन १९९९ मध्ये झाले. त्यांच्या कवितांचा अधिकार २०५९ अखेरपर्यंत राहील. बहिणाबाई चौधरींची गाणी त्यांच्या निधनानंतर १९५२ मध्ये प्रसिद्ध झाली. मरणोत्तर प्रकाशित साहित्यासाठी मुदत प्रकाशनापासून मोजली जात असल्याने ती २०१२ अखेर संपली. संतसाहित्याच्या मूळ संहितेबाबत हा प्रश्न उद्भवत नाही. चित्रपटातील संवाद, कंपन्यांची बोधचिन्हे व खेळाडूंची छायाचित्रे परवानगीशिवाय वापरणे धोक्याचे होय.

दुसरा मुद्दा आपल्याकडे सर्रास दुर्लक्षिला जातो. बोधचिन्हे व नावे (अनुचित वापरास प्रतिबंध) कायदा, १९५० याच्या अनुसूचीत छत्रपती शिवाजी महाराज, महात्मा गांधी, पंडित जवाहरलाल नेहरू आदींची नावे व चित्रे समाविष्ट आहेत. केंद्र शासनाच्या पूर्वपरवानगीशिवाय व्यापारासाठी त्यांचा वापर करण्यास या कायद्याने प्रतिबंध आहे. महाराष्ट्रात विद्यार्थ्याच्या मनात पहिली कल्पना बहुधा महाराजांच्या चित्राचीच येते. म्हणून ही तरतूद प्रारंभीच सांगणे आवश्यक आहे. राष्ट्रध्वजाच्या वापरावरही १९७१ च्या राष्ट्रीय प्रतिष्ठा अवमान प्रतिबंधक कायद्याची बंधने आहेत.

तिसरा मुद्दा कराचा. २२ सप्टेंबर २०२५ पासून २,५०० रुपयांपर्यंतच्या तयार कपड्यांवर वस्तू व सेवा कराचा दर ५ टक्के आहे. ऑनलाईन बाजारपेठेतून फक्त राज्यांतर्गत वस्तूविक्री करणाऱ्या लहान विक्रेत्यांना १ ऑक्टोबर २०२३ पासून अटींच्या अधीन राहून नोंदणीतून सूट मिळाली आहे. परराज्यात वस्तू विकणाऱ्यास मात्र उलाढाल कितीही असली तरी नोंदणी करावी लागते. माल तमिळनाडूतून निघतो, विक्रेता नांदेडमध्ये व ग्राहक पुण्यात असतो. अशा व्यवहाराचे स्वरूप करसल्लागाराकडून आधीच समजून घ्यावे.

चौथा मुद्दा ग्राहकाचा. ग्राहक संरक्षण (ई-वाणिज्य) नियम, २०२० नुसार सदोष किंवा वर्णनाशी न जुळणारा माल परत घेण्यास विक्रेता नकार देऊ शकत नाही. ग्राहकाच्या दृष्टीने येथे विक्रेता म्हणजे आपला विद्यार्थी. दूरच्या शहरातील छपाईदार नव्हे. म्हणून विक्री सुरू करण्यापूर्वी स्वतःसाठी एक नमुना मागवून, तो दोन-चार वेळा धुऊन पाहणे, हा खर्च टाळू नये.

समारोप

'कमवा व शिका' ही कल्पना कर्मवीर भाऊराव पाटील यांच्या महाराष्ट्राला नवी नाही. मागणीनुसार मुद्रण हे तिचे आजचे एक रूप होऊ शकते. परंतु वसतिगृहात किंवा भाड्याच्या खोलीत राहून शिकणाऱ्या विद्यार्थ्यासाठी परत आलेल्या पार्सलाचे ४३० रुपये ही किरकोळ रक्कम नसते. अनेकदा ती त्याच्या आठवड्याच्या जेवणखर्चाएवढी असते. ज्याच्यापाशी तोटा सोसण्याची ताकद नाही, त्याला जोखीम नाही असे सांगणे अध्यापकाला शोभणारे नाही.

म्हणून अशा प्रकल्पास संमती देताना विद्यार्थ्याला तीन प्रश्न विचारावेत. हा टी-शर्ट घेणारी पहिली वीस माणसे कोण? त्यावरील शब्द व चित्र कोणाचे आहे? दोन पार्सले परत आली तर पैसे कोठून देणार? या तिन्ही प्रश्नांची लेखी उत्तरे ज्याच्याजवळ आहेत, त्याने आगाऊ रक्कम घेऊन ओळखीच्या वर्तुळात प्रारंभ करावा. ज्याच्याजवळ नाहीत, त्याच्यासाठी ती उत्तरे शोधणे हाच पहिल्या सत्राचा प्रकल्प ठरावा. यंत्र तिरुपूरचे असले तरी चालेल. हिशेब आणि शब्द मात्र आपल्या विद्यार्थ्याचे स्वतःचे असले पाहिजेत.