पौर्णिमेला एक बटण दाबा
घरातील वीजगळती, शॉक आणि जीव वाचवणारी आरसीसीबीची पेटी

उन्हाळा सुरू झाला की आपल्या वस्त्यांत कूलर बाहेर निघतात. लोखंडी पत्र्याचा कूलर, आत पाण्याची छोटी मोटर, खाली ओली फरशी आणि भिंतीवरून लोंबत आलेली वायर. कूलरला हात लागला की मुंग्या येतात. घरातला मोठा माणूस म्हणतो, "थोडा करंट तर येतोच, चप्पल घालून हात लाव." आपण चप्पल घालतो आणि विषय तिथेच संपतो.

आमच्या वस्तीतल्या एका घरात विषय तिथे संपला नाही. त्यांच्या बोर्डात शॉकपासून वाचवणारी पेटी होती. पावसाळ्यात ती वारंवार पडू लागली, रात्री-अपरात्री घरात अंधार व्हायचा. कंटाळून त्यांनी ओळखीच्या एका मुलाला बोलावले. त्याने पेटी बाजूला ठेवून वायर थेट जोडली, म्हणजे 'डायरेक्ट' करून दिली. लाईट जायची बंद झाली आणि सगळे खूश झाले. पुढच्या उन्हाळ्यात आठ वर्षांच्या मुलीने ओल्या पायांनी कूलरला हात लावला आणि ती तिथेच चिकटली. शेजारच्या काकूंनी धावत जाऊन मेन स्विच पाडला, म्हणून पोर वाचली. हातावर भाजल्याची खूण आजही आहे.

त्या पेटीत बिघाड नव्हता. घरात कुठेतरी वीज गळत होती आणि ती पेटी महिनोन्महिने तेच सांगत होती. आपण सांगणाऱ्याचेच तोंड बंद केले.

शॉक का लागतो?

आपल्या घरात 230 व्होल्टची वीज येते. ती फेजच्या वायरने येते आणि न्यूट्रलच्या वायरने परत जाते. वायरचे आवरण फाटले, मोटरमध्ये पाणी शिरले किंवा इस्त्रीची वायर आतून उघडी पडली, तर वीज त्या वस्तूच्या लोखंडी अंगावर उतरते. तिला जमिनीत जायचे असते. आपण ओल्या पायांनी ती वस्तू धरली की आपले शरीरच तिचा रस्ता होते.

साधारण 1 मिलिअँपिअर वीज अंगातून गेली तर मुंग्या येतात. 10 मिलिअँपिअरच्या आसपास स्नायू आखडतात आणि धरलेली वस्तू सोडता येत नाही. 30 मिलिअँपिअरच्या पुढे श्वास अडकू शकतो, हृदयाचे ठोके बिघडून माणूस दगावू शकतो. अंग ओले असेल तर 230 व्होल्टवर 200 मिलिअँपिअरहून जास्त वीजही शरीरातून जाऊ शकते.

आता बोर्डातला एमसीबी पाहा. त्यावर 6 किंवा 16 अँपिअर लिहिलेले असते. 16 अँपिअर म्हणजे 16,000 मिलिअँपिअर. माणूस मरायला लागते त्याच्या कितीतरी पट. म्हणून माणसाला शॉक लागला तरी एमसीबी पडत नाही. एमसीबी वायर जळण्यापासून वाचवतो. माणसाला वाचवायला वेगळे साधन लागते.

ते साधन कसे काम करते?

त्याचे नाव आरसीसीबी. वायरमन लोक त्याला अजूनही ईएलसीबी म्हणतात. फेजने किती वीज गेली आणि न्यूट्रलने किती परत आली, याचा हिशेब ते सतत ठेवते. दोन्ही आकडे सारखे असले तर सर्व ठीक. परत येणारी वीज कमी भरली, तर उरलेली कुठेतरी जमिनीत जाते आहे, कदाचित एखाद्या माणसातून. फरक 30 मिलिअँपिअरपर्यंत पोहोचेपर्यंत ते वीज तोडते. शॉकच्या वेळी हे काम सेकंदाच्या एका छोट्या अंशात होते.

अमेरिकेत चार्ल्स डालझिएल या प्राध्यापकांनी शरीरावर होणाऱ्या विजेच्या परिणामांचा अभ्यास करून 1961 च्या सुमारास असे साधन पुढे आणले. तिकडे न्हाणीघरात आणि स्वयंपाकघरात भिंतीवरच्या सॉकेटमध्येच ते बसवलेले असते, त्यावर दोन छोटी बटणे असतात. आपल्याकडे ते बहुधा मेन बोर्डात, मीटरनंतर बसवतात.

एक मर्यादा मात्र लक्षात ठेवा. एका हातात फेज आणि दुसऱ्या हातात न्यूट्रल धरली, तर हे साधन फसू शकते, कारण त्याच्या हिशेबात फरक पडत नाही. म्हणून आरसीसीबी आहे म्हणून उघड्या वायरीशी खेळू नये.

पेटी वारंवार पडते तेव्हा

डायरेक्ट करू नका, कारण शोधा. घरातील सर्व प्लग काढा, दिवे-पंखे बंद करा आणि पेटी वर करा. ती वर राहिली, तर एकेक वस्तू लावत जा. जी वस्तू लावताच पेटी पडते, ती वस्तू नादुरुस्त आहे. बहुतेक वेळा पाण्याची मोटर, कूलर, पाणी तापवायचा रॉड किंवा इस्त्री सापडते. ती दुरुस्त होईपर्यंत वापरू नका.

सर्व काढूनही पेटी पडत असेल, तर भिंतीतल्या किंवा पत्र्याला टेकलेल्या वायरिंगमध्ये ओल शिरली आहे, नाहीतर पेटीच खराब आहे. इथून पुढचे काम वायरमनचे.

पेटी बदलताना

हे काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्या. पण समोर उभे राहून या गोष्टी पाहा, विचारा. विचारायला लाजू नका.

१. काम सुरू करण्यापूर्वी मेन बंद केला का, आणि वीज खरोखर बंद झाल्याचे टेस्टरने तपासले का?

२. नव्या पेटीवर 30 मिलिअँपिअर लिहिले आहे का? 100 किंवा 300 ची पेटी आग टाळण्यासाठी असते, माणसाच्या शॉकसाठी नाही. आयएसआयचा शिक्का पाहा. अँपिअरचा आकडा घरच्या भाराप्रमाणे वायरमनने ठरवावा.

३. फेज आणि न्यूट्रल दोन्ही पेटीतून गेल्या पाहिजेत. पेटीनंतरची न्यूट्रल शेजारच्या घराच्या न्यूट्रलला जोडलेली नसावी. वस्तीत एका मीटरवर दोन-तीन खोल्या असतात, तिथे ही चूक हमखास होते आणि पेटी उगाच पडत राहते.

४. अर्थिंगची वायर वेगळी आहे का? नळाचा पाइप म्हणजे अर्थिंग नव्हे. अर्थिंग न्यूट्रलला जोडून देणे तर जीवघेणे आहे. अर्थिंग चांगली असली की कोणी हात लावण्याआधीच पेटी पडते.

५. जुना एमसीबी जागेवर ठेवला का? आरसीसीबी आणि एमसीबी दोन्ही लागतात.

६. शेवटी वीज सुरू करून वायरमनसमोर 'टेस्ट' असे लिहिलेले किंवा 'टी' अक्षराचे बटण दाबा. पेटी लगेच पडली पाहिजे. पडली नाही तर पैसे देऊ नका.

दोन तारांची अशी पेटी साधारण दीड-दोन हजारांपासून पुढे मिळते. भाड्याच्या खोलीत राहणाऱ्यांनी घरमालकाशी बोलावे. तीन-चार भाडेकरूंनी मिळून सांगितले तर तो ऐकतो. पैसे जमेपर्यंत बिनखर्चाच्या गोष्टी आजच करा: कूलरमध्ये पाणी भरताना आणि कूलर पुसताना प्लग काढा. बादलीत रॉड असताना पाण्यात हात घालू नका. तीन पिनांच्या प्लगची जाड पिन कापू नका, तीच अर्थिंगची असते. कपडे वाळवायची तार विजेच्या वायरीजवळ बांधू नका.

शॉक लागला तर

माणसाला हात लावू नका. आधी मेन बंद करा. ते शक्य नसेल तर कोरड्या जागी उभे राहून कोरड्या लाकडी काठीने त्याला बाजूला करा. रस्त्यावरची तार तुटून पडली असेल तर जवळही जाऊ नका, 1912 वर कळवा. माणूस वेगळा झाला की 108 ला फोन करा. श्वास नसेल तर छातीच्या मधोमध दोन्ही हातांनी, मिनिटाला 100 ते 120 या वेगाने, साधारण 5 सेंटिमीटर खोल दाब देत राहा. मदत येईपर्यंत थांबू नका. मातीत झोपवणे, कांदा हुंगवणे यात वेळ घालवू नका. माणूस उठून बसला तरी चक्कर, छातीत दुखणे किंवा भाजल्याची खूण असेल, तर दवाखान्यात न्याच. गरोदर बाईला शॉक लागला असेल तर काहीच वाटत नसले तरी दाखवा.

नशीब नव्हे, कारण

शॉकने कोणी गेले की वस्तीत म्हणतात, "त्याची वेळ आली होती." भगवान बुद्धांनी आपल्याला कार्यकारणभाव शिकवला आहे. कारण असते म्हणून परिणाम होतो, आणि कारण दूर केले की परिणामही टळतो. वीजगळतीचे कारण सापडते आणि दूर करता येते.

बाबासाहेब 1942 ते 1946 या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. वीज हा विषयही त्यांच्याकडे होता. वीज स्वस्त आणि मुबलक मिळाली पाहिजे, अशी त्यांची भूमिका होती. 1944 मध्ये सेंट्रल टेक्निकल पॉवर बोर्ड स्थापन झाले ते त्यांच्याच काळात. ती वीज आज आपल्या झोपडीत आली आहे. ती सुरक्षित ठेवणे आपल्या हातात आहे.

म्हणून एक साधा नेम धरू या. आरसीसीबीचे बटण महिन्यातून एकदा दाबून पाहायचे असते. आपल्याकडे महिन्यातून एकदा पौर्णिमा येते. त्या दिवशी वंदना झाली की आधी विहारातल्या बोर्डाचे आणि मग घरच्या बोर्डाचे टेस्ट बटण दाबा. लाईट गेली तर पेटी जागी आहे, ती वर करा आणि निश्चिंत राहा. लाईट गेली नाही तर दुसऱ्याच दिवशी वायरमनला बोलवा. 14 एप्रिलला लायटिंगच्या माळा चढवण्याआधी तर हे न चुकता करा.

जय भीम.