वसईहून ठाण्याला, तळी पाहायला

दिवाळीची सुट्टी लागली की आपण मध्यमवर्गीय मंडळी माथेरान-महाबळेश्वरचे बेत आखतो आणि खर्चाचा आकडा पाहून घरीच चिवडा खात बसतो. अशांसाठी एक दिवसाची सहल सुचवितो: ठाण्याची! "ठाण्यात पाहायचे काय?" असे आमच्या सौभाग्यवतींनीही विचारले होते. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा होईपर्यंत ठाणे हेच आम्हा वसईकरांचे जिल्ह्याचे गाव. पण अर्ज घेऊन कचेरीत गेलेल्या माणसाला तळे कुठले दिसायला?

दादरचा वळसा टाळून आम्ही वसई रोडहून दिव्याची गाडी धरली. या मार्गावर गाड्या मोजक्याच. वेळापत्रक पाहूनच निघावे. रांगोळीसाठी नावाजलेले जूचंद्र, मग कामण, खारबाव, भिवंडी असे करीत गाडी उल्हास नदी ओलांडते. दिव्याला लोकल बदलली की एका बाजूला मुंब्र्याचा डोंगर, दुसऱ्या बाजूला खाडी आणि पाठोपाठ ठाणे.

या स्टेशनात उतरताना मुलांना एक गोष्ट जरूर सांगावी. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून निघालेली हिंदुस्थानातली पहिली प्रवासी गाडी येथेच आली. चौदा डबे, सुमारे चारशे पाहुणे आणि ओढायला साहिब, सिंध व सुलतान ही तीन इंजिने!

ठाण्याचे जुने नाव श्रीस्थानक. शिलाहारांच्या काळी ते भरभराटीचे शहर होते. पुढे पोर्तुगीजांनी येथे किल्ला बांधावयास घेतला, तो पुरा होण्याआधीच १७३७ साली मराठ्यांनी घेतला. १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई जिंकली, त्या मोहिमेचा आरंभ ठाण्यातच झाला. आज त्या किल्ल्यात कारागृह आहे. जॅक्सन वधाच्या खटल्यात अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे हे १९ एप्रिल १९१० रोजी येथेच फासावर गेले. बाहेरूनच हात जोडून आम्ही पुढे निघालो.

मिसळीचा तिखट समाचार घेऊन मासुंदा तलाव गाठला. ठाणेकर त्याच्या काठाला लाडाने तलावपाळी म्हणतात. मुलांनी नावेचा हट्ट धरला, तो पुरविला. जवळच कौपिनेश्वराचे पुरातन शिवस्थान. पूर्वी पाणी थेट देवळापर्यंत होते, असे सांगतात. आता देव आणि तळे यांच्यामधून मोटारी धावतात. ठाण्यात एकेकाळी साठांवर तळी होती, असेही म्हणतात. आज पस्तीसच्या आसपास उरली आहेत. कचराळी, सिद्धेश्वर, येऊरच्या डोंगराखालचे उपवन ही त्यांतलीच.

मराठीचा मास्तर ठाण्याला जाऊन ग्रंथसंग्रहालय चुकवील, तर त्याने खडू ठेवून द्यावा! 'महाराष्ट्र सारस्वत'कार वि. ल. भावे यांच्या पुढाकाराने १८९३ साली निघालेले मराठी ग्रंथसंग्रहालय आजही उभे आहे. संस्था टिकते ती कोणीतरी रोज दार उघडतो म्हणून. मला वाटते, तळ्याचेही तसेच आहे. जिथे माणसे फिरायला, बसायला, देवाला येतात, त्या तळ्यावर चार डोळ्यांचा पहारा असतो. ज्याच्याकडे लोकांनी पाठ फिरविली, त्यात भराव पडायला वेळ लागत नाही.

आणि हे आपल्या वसईला लागू नाही का? आमच्या बागायतीत केळी-भाजीपाल्यासाठी खणलेली बावखले होती. पावसाचे पाणी त्यांत साठे, जमिनीत मुरे, आसपासच्या विहिरी गोड राहत. त्यांतली कितीतरी इमारतींखाली गेली. काही गावांत तरुण मंडळी उरलेल्यांतला गाळ उपसतात, ही समाधानाची गोष्ट. तलावांचे शहर म्हणून मिरविणाऱ्या ठाण्याला आपली निम्मी तळी गमवावी लागली. आपल्या बावखलांचा हिशेब अजून आपल्या हाती आहे. ठाण्याची सहल अवश्य करा; आणि परत आल्यावर पहिल्या रविवारी मुलांना घेऊन आपल्याच गावातले बावखल पाहून या. त्याला तर तिकीटही लागत नाही!